वैजनाथ–महिपाळगड गोल फेरी : तयारी कुठवर आली

दोन रविवार घालवून वाट आता जवळपास बसलीय, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतोय. बेत असा की देवरवाडीत गाड्या लावायच्या, डोंगरावरच्या वैजनाथाच्या देवळाला चढायचं, तिथून जंगलातनं महिपाळगड आणि उतरताना आल्या वाटेने न येता गडाच्या दुसऱ्या सोंडेने खाली यायचं. बेळगावहून वेंगुर्ला रोडने हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा करत शिनोळी आली की राज्य बदलतं, डोंगर चंदगड तालुक्यात. पण आम्हा बेळगावकरांना तो आपल्या मागच्या दारचाच वाटतो, लहानपणापासनं पश्चिमेला बघितलं की तोच दिसतोय.

पहिलं काम नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नक्शे पोर्टलवरनं १:५०,००० चं पत्रक डाउनलोड करून घेतलं आणि झेरॉक्सच्या दुकानात मोठं प्रिंट न काढता मुद्दाम मूळ मापातच काढलं, कारण त्या मापात २ सेंटीमीटर म्हणजे बरोबर १ किलोमीटर. आईच्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा ओला करून वाटेवर वळणावळणाने बसवला, मग पट्टीवर ताणला, भरला साडेअठरा सेंटीमीटर. म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. प्रत्यक्ष चाललो तर दोन्ही रविवारचा मिळून फोनवरचा ट्रॅक १०.९ भरला! दोरा छोटी वळणं खातोय, जंगलातली पायवाट झाडाला वळसा घालते, दगडाला घालते, ती नकाशात कुठली यायला. त्यामुळे इथनं पुढं दोऱ्याच्या मापात मी सहावा हिस्सा वाढवूनच धरणार.

चढाईसाठी समोच्च रेषा मोजल्या, एका रेषेपासून दुसरी २० मीटर उंचीवर. चढ-उतारातले सगळे चढ धरून ३०० मीटरच्या आसपास येतंय माझ्या मोजणीत. वेळेला नेस्मिथचा जुना हिशोब लावला, स्कॉटलंडच्या त्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला : ५ किलोमीटरला एक तास आणि वर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्याने १०.९ किलोमीटरला येतात २ तास ४० मिनिटं. आम्हा दोघा भावांना निव्वळ चालायलाच ३ तास २० मिनिटं लागली आणि आम्ही काय रेंगाळलो नव्हतो. आता ग्रुपमध्ये सातजण, त्यात मामा ६३ वर्षांचे आणि भाची ११ ची, तर चालण्याचे मी ५ तास धरलेत, देऊळ, गड आणि जेवण मिळून वर दोन तास. सकाळी साडेसातला पाय उचलायचा, अडीचपर्यंत खाली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कुठल्या बाजूनं फिरायचं या प्रश्नानं. गोल वाट दोन्हीकडनं सारखीच लांब, पण पायाला सारखी नसते. सोंडेवर जांभ्याची बारीक गोटी पडलीय, ज्वारीच्या दाण्याएवढी, गोल आणि कोरडी, बूट टेकवला की खालून घरंगळते आणि टाच पुढं निघून जाते. मी पहिल्यांदा तिथनं चढायचा बेत केलेला, म्हटलं अवघड ते चढताना, सोपं ते उतरताना, सगळे तसंच सांगतात. पण मग देवळाकडची दगडी चढण उतरताना दुपारी आली असती, दमलेल्या गुडघ्यांवर, आणि मामांचा प्रॉब्लेम नेमका गुडघाच. त्या उलट गोटीचा टप्पा मोजून बघितला तर जेमतेम दीडशे पावलं, बाजूला अंजनाची नि करवंदाची जाळी आहे, कडेच्या गवतावरनं आडवं आडवं गेलं तर काठीच्या आधाराने सगळे उतरतील. म्हणून आधी वैजनाथ, मग गड, शेवटी सोंड. हे आता फिक्स.

आता खरी गोष्ट. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं हीच फेरी काहीही न ठरवता गेलो होतो आणि गडावरनं निघायलाच पावणेपाच झाले. सोंडेवर एका जांभळीपाशी वाट फुटते, डावी रुंद, पायाखालची माती अगदी गुळगुळीत, उजवी बारीक. आम्ही रुंद धरली. ती गुरांची वाट, पाण्याला जाणारी, नाल्यात नेऊन सोडली. सहाच्या सुमाराला सूर्य गेला, झाडीत तर त्याच्या आधीच काळोख, फोन एकाचाच जिवंत. काजूच्या बागेत एक आजी लाकडं बांधत होत्या, त्यांनी "कुठं चाललासा बाळांनो या वक्ताला" म्हणत कुंपणापर्यंत आणून सोडलं म्हणून घरी पोचलो. त्या रात्री आईचा चेहरा बघितला तेव्हाच ठरवलं की परत जायचं तर नीट तयारी करूनच.

म्हणून यावेळी एक वेळ पक्की : गडावरनं साडेबाराच्या आत निघालो तरच सोंड. त्यानंतर एक मिनिट जरी झालं तरी गडावर येणाऱ्या डांबरी रस्त्यानेच खाली यायचं, कुणी कितीही म्हणो. गोल फेरीत अर्ध्यापुढं गेलं की मागं फिरणं पुढं जाण्यापेक्षा लांब पडतं, तेव्हा तो निर्णय जांभळीपाशी नाही, गडावरच घ्यायला पाहिजे. जांभळीची खूण ट्रॅकमध्ये टाकलीय आणि कागदावर लाल पेनने पण केलीय.

बाकीचं भराभर. चंदगडच्या जंगलात गवे आहेत, हत्तींचाही वावर आहे, त्यामुळे आदल्या दिवशी गावात आणि वनखात्याच्या माणसांना विचारायचं, कुठं हालचाल असली तर बेत रद्द, काही वाद नाही. पूर्ण बाह्या, पायमोजे विजारीवर ओढून, गोचीड संध्याकाळी अंग बघून काढायची. पाणी माणशी ३ लिटर, देवळाचं कुंड पिण्यासाठी धरायचं नाही. फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो कधी महाराष्ट्राचा, १०८ ला लावलं तर कॉल कुठंही जाऊ शकतो, म्हणून सगळ्यांना पहिलं वाक्य पाठ करायला लावलंय : देवरवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. भाचीने ते एका दमात म्हणून दाखवलं.

जेवणाला भाकरी, लसणाची चटणी, उकडलेली रताळी, आमच्या पश्चिम भागातली आत्ताच निघालीत, डब्यात दबली तरी खराब होत नाहीत.

राहिलंय एवढंच की मामांना नवीन बूट घेतलेत, ते त्यांनी अजून दोन-तीन दिवस बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकाभोवती चालून मऊ करायचे आहेत. मऊ झाले की तारीख टाकतो.