बसनं एकट्यानं जायला शिकवण्याचं शास्त्र

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला बसनं एकट्यानं जाता यावं, म्हणून इंग्लंडमध्ये खास प्रशिक्षण असतं. नाव ‘ट्रॅव्हल ट्रेनिंग’. पुष्कळ ठिकाणी कौन्सिलच, म्हणजे स्थानिक प्रशासनच, ते देतं, पण आपणहून कोणी विचारायला येईल या भरवशावर राहू नये. मुलाचा ईएचसी प्लॅन, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजांचा अधिकृत आराखडा, असेल, तर इयर नाइनपासून, म्हणजे वयाच्या 13-14व्या वर्षापासून, त्याच्या वार्षिक आढाव्यात मोठेपणाच्या तयारीचा विचार करावाच लागतो. तिथे ‘स्वावलंबनावर भर’ असलं गुळमुळीत वाक्य लिहू देऊ नका. ‘घर ते कॉलेज, बसनं, सोबतीशिवाय’ असं नेमकं उद्दिष्ट घाला.

प्रशिक्षण एका वेळी एकाच रस्त्याचं होतं. सुरुवातीला प्रशिक्षक शेजारी बसतो, मग दोन सीट मागे, मग फक्त उतरायच्या स्टॉपवर उभा असतो. सगळ्यात जास्त घोटाळा या मागे सरकण्यातच होतो. ‘आता बेल दाब’ असं रोज सांगितलं, की मूल बेल दाबायला शिकत नाही, त्या सूचनेची वाट बघायला शिकतं. म्हणून सूचनाही पायरीपायरीनं कमी करायच्या: आधी शब्द, मग नुसतं चित्राच्या कार्डाकडे बोट, मग काहीच नाही. शेवटच्या पायरीवर गप्प बसणं पालकांना फार जड जातं.

काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात. एसटीची ‘हात दाखवा, बस थांबवा’ योजना आठवते ना? इथे ठरलेल्या स्टॉपवरही हात करावा लागतो, नाहीतर बस सरळ निघून जाऊ शकते. एकाच नंबरची बस दोन्ही दिशांना जाते, त्यामुळे नंबरासोबत पाटीवरचं शेवटचं ठिकाणही वाचायची सवय हवी.

रस्ता पाठ झाला म्हणजे काम झालं, असं नाही. एकदा मुद्दाम एक स्टॉप पुढे जाऊन उतरा. एकदा फोन बंद ठेवा. एकदा आलेली बस सोडून द्या. प्रशिक्षक जवळ असतानाच या चुका झालेल्या बऱ्या. खिशात तीन ओळींचं कार्ड असावं: मला बोलायला वेळ लागतो, मी इथे चाललोय, हा घरचा नंबर. 2016 साली गॅटविक विमानतळावर सुरू झालेली सूर्यफुलाची हिरवी पट्टी (न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण) गळ्यात असली तर मदत होते, पण ती म्हणजे तिकीट किंवा पास नव्हे.

पासाची गंमत वेगळीच. अपंगत्वाच्या मोफत पासाची देशभरातली वेळ आठवड्याच्या दिवशी सकाळी 9:30 ते रात्री 11. कॉलेज भरतं त्याआधी! काही कौन्सिल सवलत वाढवतात, तेव्हा अर्ज करतानाच विचारा. शिवाय नुसत्या ऑटिझमच्या निदानावर पास मिळेलच असं नाही, निकष वेगळे आहेत.

आणि हिवाळा. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात, डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. उन्हाळ्यात ‘लाल दार दिसलं की बेल’ असं शिकलेल्या मुलाला परतीच्या बसमधून ते दार दिसतच नाही, काचेवर वाफ असते ती वेगळीच. म्हणून खुणा उजेडाच्या घ्याव्यात, सिग्नल किंवा पेट्रोल पंपासारख्या, आणि नोव्हेंबरात तोच रस्ता दोन-तीन संध्याकाळी सोबत जाऊन पुन्हा गिरवावा.