मास्क लीक होतोय? आधी पट्टा सैल करा

रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांवर हवेचा झोत येतो, जाग येते आणि हात आपोआप डोक्यामागच्या पट्ट्याकडे जातो. वेल्क्रो जरा ओढला की झोत थांबतो. तासाभरात तोच झोत दुसऱ्या बाजूने सुरू. पुन्हा ओढा. सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, गालांवर पट्ट्यांचे ठसे, आणि मशीनच्या पडद्यावर लीकचा आकडा होता तिथेच. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सुरू केलेली कितीतरी माणसं याच टप्प्यावर कंटाळून मशीन कपाटात ठेवून देतात, आणि याचं फार वाईट वाटतं. कारण बऱ्याचदा मशीन चांगलं असतं, मास्कही चांगला असतो. तो चेहऱ्यावर कशाच्या जोरावर बसतो, हे मात्र कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

मास्कचं सिलिकॉनचं कुशन हातात घेऊन त्याची कड नीट बघा. तिथे बहुतेक मास्कमध्ये दोन थर असतात. आतला जाडसर, आधार देणारा; आणि त्याच्यावर फुग्याच्या रबरासारखा पातळ, बोट लावलं तरी हलणारा. मशीन सुरू झालं की आतली हवा या पातळ पडद्याला फुगवते आणि तो चेहऱ्याच्या चढउतारांवर अलगद जाऊन बसतो. हवा अडवते ती हवाच. पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर धरून ठेवायचा असतो. पट्टा करकचून आवळला की पातळ पडदा जाड थरावर चेपला जातो, त्याला सुरकुत्या पडतात, फुगायला जागा उरत नाही, आणि हवा नेमकी त्या सुरकुतीतून निसटते. म्हणून आवळल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि मग लीक वाढतं.

सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार पहिल्यांदा जगापुढे मांडला. त्या सुरुवातीच्या दिवसांत हवा निसटू नये म्हणून रोज रात्री सिलिकॉन लावून सगळं चेहऱ्याला चिकटवावं लागे. फुगणाऱ्या कुशनमुळे तो खटाटोप संपला. ते कुशन आवळून चपटं केलं, तर त्याचा सगळा उपयोगच गेला.

आता बसवायचा कसा ते.

मास्क आरशासमोर उभं राहून बसवू नका. आडवं झाल्यावर चेहऱ्याचं मांस कानांकडे सरकतं, जबडा सैल पडतो, गालांचा आकार बदलतो. उभ्याने नीट बसलेला मास्क उशीवर डोकं टेकताच गळायला लागतो तो यामुळे. दुसरी गोष्ट प्रेशरची. बरीचशी मशीनं सुरुवातीला ४ सेंमी पाण्याच्या प्रेशरवर चालतात आणि हळूहळू वर जातात. याला रॅम्प म्हणतात. तुमचं झोपेतलं प्रेशर ११ किंवा १२ असेल, तर ४ वर तपासलेल्या सीलला काहीच अर्थ नाही. काही मशीनांत 'मास्क फिट' नावाचा पर्याय असतो, तो लावला की काही मिनिटं उपचाराच्या प्रेशरने हवा येते. तो नसेल तर तेवढ्यापुरता रॅम्प बंद करा.

सगळे पट्टे सैल करून सुरुवात करा. फुल फेस मास्क, म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क, असेल तर खालची कड आधी ओठाखालच्या खोलगट भागात टेकवा, मग वरचं टोक नाकाच्या हाडावर आणा. तोंड किंचित उघडं, जबडा सैल. नुसत्या नाकाचा मास्क असेल तर आधी वरचं टोक नाकाच्या हाडावर, मग खालची कड वरच्या ओठावर. हेडगिअर, म्हणजे पट्ट्यांचा जोड, डोक्यावरून घ्या, क्लिपा लावा, आडवे व्हा, मशीन सुरू करा. आता सर्वांत महत्त्वाची कृती: मास्कची फ्रेम दोन बोटांत धरून चेहऱ्यापासून साधारण एक सेंटिमीटर वर उचला, कुशन हवेने पूर्ण फुगू द्या, आणि मग ते सावकाश परत चेहऱ्यावर टेकवा. दुमडलेला पडदा या एका हालचालीने सरळ होतो. रात्री मध्येच लीक सुरू झालं तरी पट्ट्याला हात लावण्याआधी हेच करा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

यानंतरच पट्टे. आधी खालचे दोन, मग वरचे दोन. दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, सारख्याच अंतराने, आणि एका वेळेला काही मिलिमीटरच. नाक-डोळ्यांपाशी हवा लागत नाही अशी पहिली जागा आली की थांबा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकायला हवं. मग डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा, तोंड उघडून मिटा, जांभई द्या. प्रत्येक वेळी थोडं सुटून पुन्हा बसत असेल तर ठीक आहे. सुटलेलं परत बसतच नसेल तर खालच्या पट्ट्यांपासून पुन्हा बघा.

हवा कुठून जाते हे कानाने ओळखणं कठीण असतं. हाताची मागची बाजू ओली करा आणि मास्कच्या कडेने हळूहळू फिरवा. ओल्या कातडीला बारीकसा झोतही गार लागतो. नळीचे जोड आणि ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाच्या, टाकीची कड याच हाताने तपासून घ्या, कारण मास्कवर ठपका ठेवला जातो तेव्हा काही वेळा दोष टाकीच्या चुकीच्या बसलेल्या रबरी सीलमध्ये किंवा एका बाजूने न अडकलेल्या कुशनमध्ये असतो. कुशन धुऊन परत लावताना दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज आला का, याकडे लक्ष द्या.

डोळ्यांकडे जाणाऱ्या हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ती सर्वांत जास्त त्रास देते, डोळे कोरडे आणि लाल होतात, आणि तिच्यावर केला जाणारा उपाय बहुतेकदा उलटा असतो. मास्क हा सी-सॉसारखा असतो. खालचे पट्टे जास्त आवळले की खालची कड आत दबते आणि वरचं टोक नाकावरून उचललं जातं. वर हवा सुटते म्हणून वरचे पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर जखम होते आणि खालून गळायला लागतं. म्हणून वर गळत असेल तर आधी खालचे पट्टे थोडे सैल करून बघा. कपाळाला टेकू असलेला मास्क असेल तर त्या टेकूचा कोन एकेका खाचेने बदलून बघा. तरीही नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा येतच असेल तर बहुधा मास्क मोठा आहे.

मोठा मास्क घेणं ही नेहमीची चूक. मोठा म्हणजे आरामदायी, असं वाटतं खरं, पण मोठ्या कुशनची कड डोळ्यांच्या कोपऱ्यांवर किंवा गालाच्या उतारावर जाते, आणि तिथे सील होत नाही. नाकाच्या मास्कची कड नाकपुड्यांना न चेपता त्यांच्या अगदी जवळून जायला हवी. फुल फेस मास्कचं माप नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत, तोंड किंचित उघडं ठेवून घ्यायचं. कवळी असेल आणि ती काढून झोपत असाल, तर काढूनच माप घ्या. कवळीशिवाय गाल आणि ओठ आत जातात. वजन बरंच कमी-जास्त झालं तरी माप पुन्हा घ्यावं लागतं. दाढी असेल तर फुल फेस मास्कला केसांतून हवा वाट काढते. अशांना नाकपुडीतच बसणारे नेझल पिलो जास्त सोयीचे, कारण तिथे केसांचा संबंध येत नाही. नाकाखाली टेकणाऱ्या कुशनला मात्र जाड मिशी नडते.

आता एक धोक्याची गोष्ट. मास्कच्या पुढच्या भागात किंवा एल्बोवर, म्हणजे नळी जोडायच्या वाकड्या तुकड्यावर, बारीक छिद्रं असतात, त्यांतून सतत हवा बाहेर पडते. ही गळती मुद्दाम ठेवलेली आहे. तुम्ही सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर जातो, आणि प्रेशर वाढलं की हा प्रवाहही वाढतो. आवाज येतो म्हणून ही छिद्रं चिकटपट्टीने किंवा कापसाने कधीही बंद करू नका. चादर ओढून मास्क झाकूनही घेऊ नका. फुल फेस मास्कच्या एल्बोत एक छोटी झडप असते. वीज गेली आणि मशीन बंद पडलं की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येऊ देते. दर वेळी मास्क धुतल्यावर ती मोकळी हलते का, एवढं बघा. ती फाटली किंवा चिकटली असेल तर तो भाग बदलून मगच वापरा.

मशीनचा आकडा वाचताना हीच मुद्दाम ठेवलेली गळती लक्षात ठेवायची. रेसमेड या कंपनीची मशीनं छिद्रांतून जाणारी हवा वजा करून उरलेलं लीक दाखवतात, आणि त्यांच्याकडे मिनिटाला २४ लिटरच्या वरचं लीक जास्त मानलं जातं. काही इतर मशीनं एकूण हवा दाखवतात, तिथे आकडा मोठा असणं स्वाभाविक आहे. दोन वेगळ्या मशीनांचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. मशीनमध्ये मास्कचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बरोबर निवडा, नाहीतर हा हिशोबच चुकतो. आणि हे सगळं नुसत्या आवाजासाठी नाही. लीक फार झालं की मशीनला तुमचा श्वास नीट वाचता येत नाही, मग रिपोर्टमधला एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा मंदावला त्याचा आकडा, कमी दिसला तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

रात्रीचा आलेख बघता येत असेल तर पुष्कळ कळतं. लीक सुरुवातीपासून एकसारखं असेल तर दोष कुशनमध्ये, जोडात किंवा मापात. मध्येच टोकदार उंचवटे येत असतील तर ते कूस बदलण्याचे: नळी ओढली जाते किंवा उशी मास्कला ढकलते. झोप लागल्यावर लीक एकदम वर जाऊन बराच वेळ तिथेच राहत असेल आणि सकाळी तोंडाला कोरड असेल, तर तोंड उघडं पडतंय.

तोंडातून जाणाऱ्या हवेचं एक दुष्टचक्र असतं. हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहत राहिली की नाक कोरडं पडतं, आतली त्वचा सुजते, नाक चोंदतं, आणि चोंदलं म्हणून तोंड आणखी उघडतं. म्हणून सुरुवात नाकापासून करा: गरम ह्युमिडिफायर चालू ठेवा, तो एक-दोन अंकांनी वाढवा, झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारा, आणि नाक कायमच बंद राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर हनुवटीचा पट्टा, आणि मग फुल फेस मास्क. फुल फेस मास्क सरसकट पहिला पर्याय म्हणून देणं बरोबर वाटत नाही. त्याचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलू शकतात, जिभेची मागची जागा आणखी अरुंद होते आणि काहींना त्यामुळे जास्त प्रेशर लागतं. तोंडावर टेप लावण्याचे सल्ले फिरत असतात. नाक चोंदलेलं असताना, किंवा उलटी होण्याची शक्यता असताना ते धोकादायक आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नळीची ओढ काढायला सोपा उपाय म्हणजे ती पलंगाच्या डोक्याकडून, डोक्याच्या वरून आणायची आणि हुकाला सैल अडकवायची. वळताना पुरेल एवढी लांबी मोकळी हवी. कुशीवर झोपणाऱ्यांनी उशी थोडी मागे घेऊन मास्क तिच्या काठाबाहेर राहील असं बघावं. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येत असेल तर नळीवर कापडी आवरण घाला किंवा आर्द्रता एका अंकाने कमी करा.

स्वच्छता हाही सीलचाच भाग आहे. चेहऱ्याचा तेलकटपणा सिलिकॉनवर बसला की कड घसरते. झोपण्याआधी चेहरा धुवा, मास्कच्या जागी क्रीम किंवा व्हॅसलीन लावू नका. तेलाने सील सुटतं आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं. कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, साबण पूर्ण काढा, सावलीत वाळवा. स्पिरिट, ब्लीच, उकळतं पाणी यांनी पातळ पडदा कडक होतो. फोमचं कुशन मात्र पाण्यात बुडवायचं नसतं, ते पुसायचं असतं. हेडगिअर आठवड्यातून एकदा हाताने धुवा.

मास्क काढल्यावर तासाभरात जाणारा लालसरपणा चालतो. दिवसभर टिकणारा वळ किंवा सोललेली कातडी चालत नाही. तिथे कापडी लायनर वापरून बघा, नाहीतर नाकाच्या हाडाला न टेकणारा मास्क घ्या. पट्ट्यांच्या क्लिपांत चुंबक असेल आणि तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप किंवा शंट यांपैकी काही असेल, तर चुंबक नसलेलाच मास्क घ्या.

कुशन कधी बदलायचं? उजेडासमोर धरा. पातळ पडदा धुरकट, पिवळट, लिबलिबीत झाला असेल, किंवा ताणल्यावर बारीक चीर दिसत असेल, तर ते संपलं. हेडगिअरचं ओळखणं त्याहून सोपं आहे. नव्या पट्ट्यावर वेल्क्रो कुठे लागतो तिथे पेनाने खूण करून ठेवा. काही महिन्यांनी तोच सील मिळवायला खुणेपुढे दोन सेंटिमीटर जावं लागत असेल, तर पट्ट्याचा ताण गेलेला आहे. आणि नवं कुशन लावलं की जुन्या खुणेवर जाऊ नका. ते जास्त ताठ असतं, त्याला तेवढी ओढ लागत नाही. पट्टे पूर्ण सैल करून, आडवं होऊन, पुन्हा पहिल्यापासून बसवा.