हातोड्यांनी सोडलेली जागा

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचं काम म्हणजे रोटाव्हेटरची पाती, ट्रॉलीचे अ‍ॅक्सल, कधीमधी कोळसा खाणीतल्या यंत्रांचे सुटे भाग. तिथे सुरुंग काढणाऱ्या यंत्राचा रोटर बनवायची ऑर्डर आली, तेव्हा शॉपमधल्या पोरांना आधी गडचिरोलीच आठवली. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभुळखेड्याजवळ पोलिसांची गाडी उडवली, १५ जवान आणि चालक गेले, ते इकडे कोणी विसरलेलं नाही.

"तसलेच सुरुंग काढाचे का जी?" एकानं विचारलं.

"नाही रे. तो कोणीतरी दबा धरून, गाडी पाहून उडवलेला. हे यंत्र त्याच्यासाठी नाहीच," सुभेदारसाहेब म्हणाले. "लढाई संपते, फौजा निघून जातात, आन् सुरुंग वावरातच राहतात. पाय पडेल त्याची वाट पाहत. हे त्यांच्यासाठी."

सुभेदारसाहेब काटोलकडचे, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलातून निवृत्त झालेले. नंतर एका भारतीय संस्थेबरोबर श्रीलंकेच्या उत्तर भागात सुरुंग काढत होते. ऑर्डर देणाऱ्यानं त्यांना सल्लागार म्हणून पाठवलं होतं.

यंत्र तसं समजायला सोपं. रिमोटवर चालणारी चिलखती क्रॉलर, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवरची गाडी, तिच्यापुढे आडवा रोटर, रोटरला साखळ्या आणि साखळ्यांच्या टोकाला हातोडे. रोटर मिनिटाला काही शे फेरे घेतो आणि हातोडे जमीन झोडपत पुढे जातात. साखळ्या मळसूत्रासारख्या फिरत्या ओळीत लावायच्या, म्हणजे सगळे फटके एकदम बसत नाहीत. कल्पना जुनी आहे. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईत ब्रिटिशांनी माटिल्डा रणगाड्यांपुढे असेच रोटर बसवले होते. पण त्यांना रणगाडे जातील एवढी वाट हवी होती, दोनचार सुरुंग राहिले तर तो लढाईचा धोका. इथे त्याच जमिनीत उद्या कोणी पेरणी करणार, पोरं खेळणार.

चाचणीसाठी बुटीबोरीच्या पुढे एक पडीक वावर भाड्यानं घेतलं. मे महिना संपत आलेला, काळी माती हात जाईल एवढी भेगाळलेली. यंत्राच्या वाटेत आडवे चर खणून त्यात फायबरबोर्डच्या पातळ पट्ट्या उभ्या पुरल्या आणि माती धुमसानं ठोकून घेतली. हातोडा जिथवर उतरेल तिथवर पट्टी तुटते, मग उरलेली पट्टी उकरून खोली मोजायची. किती खोल जायचं हे प्रत्येक जागेपुरतं ठरवतात. आम्हाला २० सेंटिमीटर सांगितलं होतं. शिवाय मी लेथवर नायलॉनच्या खोट्या वड्या कातल्या होत्या, व्यास ५६ आणि उंची ४० मिलिमीटर. एम-१४ नावाच्या अमेरिकी सुरुंगाचं हेच माप. त्यात स्फोटक जेमतेम २९ ग्रॅम, पण पाऊल निकामी करायला पुरतं. धातू इतका कमी की डिटेक्टरलाही सापडणं कठीण. वडी हातात घेतल्यावर पोरांची बडबड थांबली.

पहिली फेरी अगदी सावकाश, माणूस रमतगमत चालेल त्याहूनही हळू. दुसरी जोरात, कारण ऑर्डर देणाऱ्याला दिवसाला जास्त एकर हवे होते. धुळीचा असा लोट उठला की क्रॉलर दिसेना. धूळ बसली तेव्हा दोन्ही पट्टे सारखेच भुसभुशीत दिसत होते. वावराचा मालक तर खूशच. "रोटाव्हेटरपेक्षा बरं हाय. तिकडच्या तुकड्यातूनही एकदा फिरवा ना!"

सुभेदारसाहेब पट्ट्या उकरायला बसले. सावकाश फेरीतल्या पट्ट्यांची कड बरीचशी सरळ तुटली होती. जोराच्या फेरीतली कड करवतीच्या दातांसारखी. एक फटका आणि पुढचा फटका यांच्यामध्ये यंत्र तेवढ्यात पुढे सरकलेलं, आणि मधली माती शाबूत. अशाच एका उंचवट्याखाली एक वडी ओरखडाही न पडता बसली होती.

पण मला खरा धक्का दुसऱ्या वडीनं दिला. ती कुठेच मिळेना. मातीत कामाला आलेल्या मावशी धुऱ्यापलीकडून ओरडल्या, "हे तुमचंच व्हय का जी?" त्यांनी एक मोठं ढेकूळ खुरप्यानं फोडलं होतं, वडी त्याच्या आत. वाळलेली काळी माती भुगा न होता ढेकळानं उखडते. वडी त्या ढेकळासकट उडून आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेली होती. खरा सुरुंग असता तर तो आम्ही तपासून मोकळ्या ठेवलेल्या जागेत जाऊन पडला असता. मावशींना वडी सापडली कारण त्यांनी ढेकूळ हातात घेतलं.

"तिकडं श्रीलंकेत हेच काम दाताळं घेऊन बायका करतात," साहेब म्हणाले. "बऱ्याच जणींचे नवरे युद्धात गेलेले."

संध्याकाळी ऑर्डर देणाऱ्याचा फोन आला. त्याला धुळीचा व्हिडिओ हवा होता. साहेबांनी तुटक्या पट्ट्यांचे फोटो पाठवले आणि स्पष्ट सांगितलं: यंत्र झुडपं कापेल, ट्रिपवायर, म्हणजे पाय अडकला की सुरुंग उडवणारी तार, तोडेल, कडक जमीन मोकळी करेल, कुठे सुरुंग आहेत याचा अंदाज देईल. 'साफ झालं' हे शब्द मात्र मागून माणूस, डिटेक्टर किंवा कुत्रा गेल्यावरच लिहायचे. शिवाय यंत्रामागून येणाऱ्या माणसांना त्रासही होतो. माती फुगते, तुटलेल्या साखळीचे तुकडे डिटेक्टरला उगाच वाजवतात.

"मग माणसं कमी कशी होणार?" तिकडून विचारणा झाली.

"होणार नाहीत. तीच माणसं जास्त जमीन पाहतील."

माझ्या मते यंत्र विकणाऱ्यांनी हे पहिल्याच पानावर छापायला हवं, पण धूळ जास्त विकली जाते.

आम्ही गिअर बदलून वेग बांधून टाकला, बाजूंना आणि मागे जड साखळ्यांचा पडदा लावला, हातोड्यांचं हार्डनिंगही पुन्हा पाहिलं. ओल्या मातीची चाचणी बाकी होती. काळा चिखल साखळ्यांना चिकटला की हातोडे जड होतात आणि रोटरचा बॅलन्स जातो. त्यासाठी उमरेड रोडला दुसरं वावर पाहिलं, कारण पहिल्या मालकाला त्या भुसभुशीत जमिनीत पाऊस पडताच कपाशी लावायची होती.