शिरोळच्या ऊसपट्ट्यात: साखर सोडून बाकीचं

जानेवारीत कोल्हापूरहून जयसिंगपूरकडे निघालं की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांच्या ताब्यात असतो. कडेला तोडकरी बाया वाढ्याच्या पेंढ्या विकायला बसलेल्या. उसाचा हा हिरवा शेंडा कारखान्याला नको असतो, पण गोठ्याला हवा असतो. तोडकऱ्यांना त्यावर चार पैसे वरचे सुटतात.

शिरोळ तालुक्यातला एक कारखाना ओळखीतून आतून बघायला मिळाला. साखर पोत्यात पडताना सगळेच दाखवतात, मला बाकीचं बघायचं होतं. एक टन उसातून या भागात साखर निघते साधारण 110 ते 120 किलो आणि बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, त्याच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या मिलमधून पडणारा बगॅस मुठीत घेतला. कोमट, दमट, वासाला अजून गोड. निम्मं वजन पाण्याचंच, तरी तो पट्ट्यावरून थेट बॉयलरमध्ये जातो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, मग तीच वाफ रस आटवते आणि उरलेली वीज ग्रिडला जाते. ऊस स्वतःच्या चिपाडावर शिजतो, हे डोळ्यांनी बघताना मी खरंच हरखून गेलो.

मागच्या अंगणात प्रेसमडचा ढीग वाफाळत होता. चुना घालून रस निवळला की खाली बसतो तो हा गाळ. जमिनीला उत्तम, मात्र कुजवूनच घालावा. ताजा तापतो आणि मुळं भाजतात.

मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाच्या, टाकीपाशी वास नाकात बसतो. पलीकडे आसवनी, म्हणजे डिस्टिलरी. तिथे इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. मागे उरतं ते काळं सांडपाणी, स्पेंटवॉश. ओढ्याला सुटलं तर मासे मरतात. आटवून जाळलं तर राखेत पोटॅश मिळतं, जे आपण जवळजवळ सगळं परदेशातून आणतो.

परतताना जयसिंगपूर लागलं. इथल्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेत दरवर्षी उसाच्या दराचं रान उठतं. केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला सुचवला. पण मळीचं इथेनॉल झालं, बगॅसची वीज झाली, की ती कमाई या सूत्राबाहेर राहते. बॉयलरपासून आसवनीपर्यंत चालून आल्यावर मला तरी वाटतं, त्या कमाईतही उसाच्या मालकाचा हिस्सा असायलाच हवा.