आमची वाटचाल : डिस्पोजलच्या गाड्या आणि आमचा पंपाचा धंदा

आमचं दुकान नगरला, भिंगारच्या बाजूला. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण गिऱ्हाईक फोनवर अजून नगरच म्हणतं आणि आम्ही पण. काम एकच, इंजिनाचे डिझेल पंप आणि नॉझल दुरुस्त करायचे. पंप इंजिनाला डिझेल मोजून दाबानं देतो, नॉझल ते आत फवारतं. वडलांनी, म्हणजे आबांनी, १९८६ ला सुरू केलं तेव्हा ट्रॅक्टर, मालट्रक, विहिरीवरची इंजिनं असं सगळं यायचं आणि मिल्ट्रीचं गाव असल्यामुळे लिलावात निघालेल्या गाड्या पण यायच्या, डिस्पोजलची गाडी म्हणतात त्या. गावात रणगाड्यांचं म्युझियम, व्हीआरडीई म्हणजे मिल्ट्रीच्या गाड्यांचं संशोधन करणारी संस्था, आर्मर्ड कोअरचं म्हणजे रणगाडा दलाचं सेंटर, त्यामुळे हिरव्या गाड्या बघतच मोठे झालो. पण पुढे त्यांच्यावरच घर चालेल असं कुणी म्हणलं असतं तर आबाच आधी हसले असते.

त्यातली आमची लाडकी म्हणजे शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर जबलपूरला बनलेला ट्रक, १९५९ पासून थेट १९९६ पर्यंत बनत होता. सहा सिलिंडर, सहा एलिमेंटचा लाईन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारा वेगळा एलिमेंट, सगळे एका ओळीत. याच्या पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी असते आणि डिझेल त्या वाटीच्या भिंतीवर पसरून जळतं, म्हणून नॉझलची धार कुठं जाते याला फार महत्त्व. साध्या ट्रकवर हात बसलेला मिस्त्री घाईत काहीतरी जुळणारं नॉझल टाकून देतो, आणि मग काळा धूर निघाला की पंपाला शिव्या.

पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर (आतला दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. बिघडायला एवढं बास आहे, थोडं पाणी, थोडा गंज, झालं. आणि डिस्पोजलची गाडी म्हणजे काय, लिलावाआधी दोन-चार वर्षं यार्डात उभी, घेतल्यावर शेठच्या शेडमध्ये अजून चार वर्षं उभी. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर जमतो, पाणी खाली बसतं, पाण्यात काळी चिकट घाण वाढते (शेवाळासारखी दिसते, वास घेऊ नका). गाडी चालून कमी, उभी राहूनच जास्त खराब होते, हे आम्हाला कळायला पण बरीच वर्षं लागली.

सुरुवातीला आम्ही पण सगळ्यांसारखंच करायचो. गाडी आली, पंप काढला, किट म्हणजे नवे सील-वायसर टाकले, बेंचवर म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर लावून सेट केला, बिल केलं. आबांचं बेंच पुण्याहून आणलेलं सेकंडहँड, काचेच्या नळ्यांचं. ठरलेल्या स्पीडला पंप फिरवायचा, सहा नळ्यांत डिझेल पडतं, सगळ्यांत सारखं पाहिजे. रीडिंग बायको घ्यायची, अजून तीच घेते, कारण माझा डोळा अर्धा सीसी माफ करतो आणि तिचा करत नाही. तिच्या वह्या आहेत, प्रत्येक पंपाचं रीडिंग, तारीख, गाडी कुठली, सगळं.

तर त्या वहीत एक पंप तीनदा आहे. एका गिऱ्हाईकाचा शक्तिमान, त्याचं क्रेन केलेलं. तक्रार अशी की गाडी मधेच बंद पडते, एअर घेते, म्हणजे डिझेलबरोबर हवा ओढते. पंप केला, दिला. आठ दिवसांनी परत. पुन्हा बेंचवर, रीडिंग एकदम ओके, टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप बदलला, बँजोचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) सगळे कॉपर वायसर नवे टाकले, दिला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा आला तेव्हा माणूस चिडलेला, बरोबरच होतं त्याचं, आणि बोलता बोलता त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "मालक, टाकी फुल केली की दोन दिवस काय होत नाय बघा." आबा उठले, टाकी उतरवायला लावली, आतला सक्शन पाईप बाहेर काढला, तर पाईपला मधोमध गंजून टाचणीएवढं भोक. डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत सगळं ठीक, खाली गेलं की डिझेलच्या जागी हवा. पंप पहिल्या दिवसापासून चांगला होता आणि आम्ही त्याचे पैसे दोनदा घेतले होते. आबांनी दुसऱ्या खेपेचे परत केले. पहिल्या खेपेचे का नाही यावर घरात अजून वाद होतो.

तेव्हापासून पद्धत बदलली. आता गाडी आली की पंपाला हात नाही लावत. पाच लिटरचा कॅन, त्यात स्वच्छ डिझेल, ट्रान्सपरंट पाईप, तो डायरेक्ट फीड पंपाला जोडायचा आणि गाडी चालवायची. कॅनवर नीट चालली तर दोष मागे आहे, टाकीत नाहीतर लाईनीत, आणि आमचं बिल पंपाच्या बिलाच्या चौथाई पण होत नाही. ट्रान्सपरंट पाईपात बुडबुडे डोळ्यानं दिसतात, गिऱ्हाईकाला पण दिसतात, मग वाद नाही. धंद्याच्या हिशोबानं येडेपणा आहे म्हणाले बरेच जण.

या प्रकारातली सगळ्यात मजेशीर केस रंगाची. खाजगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही, तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, मोटार वाहन नियमातच आहे तसं. म्हणून डिस्पोजलची गाडी घेतली की पहिलं काम रंग. पुण्याच्या एका हौशी साहेबांनी ट्रक छान राखाडी करून घेतला आणि मग गाडी तीस-चाळीस किलोमीटरवर बंद पडायला लागली, अर्धा तास थांबलं की परत चालू. तीन ठिकाणी दाखवून आमच्याकडे आले. टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. पेंटरनं झाकणाचं हवेचं भोक रंगानं बुजवलेलं! डिझेल जातंय, हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते, फीड पंप तरी किती खेचणार. टाचणीनं भोक मोकळं केलं, चहा पिऊन साहेब गेले. त्याचे पैसे काय घ्यायचे, पण त्यांच्या ग्रुपमधून पुढे अकरा गाड्या आल्या.

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नाहीत. एकदा आठ वर्षं उभा असलेला ट्रक घाईत चालू करायला गेलो. लाईन पंपात सहाही प्लंजर एका रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, जोडलेले असतात आणि बंद इंजिनात रॅक फुल डिझेलच्या बाजूला असतो. एक जरी प्लंजर गंजून धरला तरी रॅक तिथंच अडकतो. तसाच अडकलेला होता, मी बघितलं नाही, स्टार्टर मारला आणि इंजिन जे सुटलं ते सुटलंच, स्टॉप ओढून काही होईना. आवाज असा की शेजारचे टायरवाले पळाले. आमच्या पोरानं एअर क्लीनरचा पाईप उपसला आणि तोंडावर लाकडी फळी दाबली तेव्हा कुठं बंद पडलं. इंजिन वाचलं, माझे हात दोन तास थरथरत होते. आता उभ्या गाडीचं पंपाचं साईडचं झाकण उघडून रॅक हातानं मागेपुढे सरकवल्याशिवाय कोणी स्टार्टरला हात लावायचा नाही, आणि ती फळी आम्ही फेकली नाही, खिळ्याला टांगलीये.

२००५ नंतर कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी नवीन डिझेल सिस्टीम, वाढलं आणि आमचं रोजचं काम आटत गेलं. त्याचं बेंच घ्यायला जमलं नाही, लाखांचा मामला, बँकेत दोनदा जाऊन आलो. मधली काही वर्षं वाईट गेली, कामावरचा एक पोरगा काम सोडून गेला, त्यानंच पुढे कॉमन रेलचं दुकान टाकलं आणि आमच्यापेक्षा मोठं झालं, चांगलं झालं. पण तेव्हाच एक झालं, जुने लाईन पंप उघडणारे लोक कमी झाले, मग नाशिक, पुणे, गोव्याहून पण पंप आमच्याकडे यायला लागले. जोंगा, म्हणजे मिल्ट्रीच्या जुन्या जीप, पण यायला लागल्या, त्या मुळात पेट्रोलच्या, कुणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं आणि उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न लाईन टाकीपर्यंत नेलेलीच नाही, फिल्टरलाच परत जोडलेली. तेच गरम डिझेल, तीच हवा गोल गोल फिरते. पेट्रोलच्या टाकीला रिटर्नचं भोकच नसतं ना, मग ते पाडायचा कंटाळा.

एप्रिल २०२० ला बीएस सिक्सचं, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाचं, डिझेल आल्यावर नवीन भानगड. सल्फर पन्नासवरून दहा पीपीएमवर (दहा लाखात दहा भाग) आलं, हवेला चांगलंच आहे ते, पण जुन्या पंपांचे रबरी ओरिंग ज्यांनी तीस वर्षं जुनं डिझेल प्यायलंय ते आकसून पाझरायला लागले. असे बरेच आले आमच्याकडे. आता उघडलेल्या प्रत्येक पंपाला विटॉनचे (डिझेलमध्ये टिकणाऱ्या रबराचे) ओरिंग टाकतो, विचारत पण नाही.

आबा आता शहाऐंशीचे आहेत. दुकानात येतात, खुर्ची टाकून बसतात, नवीन गिऱ्हाईक आलं की आमच्याआधी तेच विचारतात, "टाकी उतरवली का?" सध्या बाहेर एक शक्तिमान उभाय, मालक म्हणतो पंप गेलाय. कॅन लावलाय, उद्या सकाळी कळेल. तुमचं काही काम असलं तर फोन करा, फक्त त्याआधी टाकीत डिझेल किती आहे ते बघून ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार.