१९६९ची जीटीओ मूळ रूपात आणताना: सगळं झालं, अडलं ते नाकाशी

१९६८ किंवा १९६९ची पाँटियाक जीटीओ ही अमेरिकी मसल कार कारखान्यातून निघाली तशी करायची असेल, तर सगळ्यात आधी पुढचा बंपर सोडवा. इंजिन नंतर, पत्रा नंतर, सीटा तर फारच नंतर. माझ्या गाडीचं इंजिन सुरू झालं, आतलं सगळं बसलं, काचा लागल्या आणि तरीही गाडी बिननाकाची उभी होती, कारण बंपर एका बॉडी शॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडला होता. फोन केला की उत्तर ठरलेलं: पुढच्या आठवड्यात नक्की. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. डेट्रॉईटच्या आसपास ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या भागांत गाड्यांच्या धंद्यातली मराठी माणसं पुष्कळ आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, बघून आलं की त्यांच्यातल्या कुणाला तरी जुनी मसल कार घ्यावीशी वाटतेच. त्यांच्या कामी येईल.

आधी कागदपत्रं, कारण तो भाग खरोखर सुखाचा आहे. पाँटियाकच्या १९६१पासूनच्या गाड्यांच्या कारखान्याच्या बिलांच्या नोंदी मायक्रोफिल्मवर शाबूत आहेत. पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) कळवून फी भरली की तुमच्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. त्यात रंग, इंजिन, गिअरबॉक्स आणि घेतलेला एकेक ऑप्शन असतो. शेव्हरलेवाल्यांना हे भाग्य नाही. ते पेट्रोलच्या टाकीवर चिकटून राहिलेला बिल्ड शीट (गाडी बांधतानाचा ऑप्शनच्या यादीचा कागद) सापडतो का ते बघत बसतात. ही प्रत गाडी घेण्याआधी मागवा, घेतल्यावर नाही. व्हीआयएन १३ आकडी असतो आणि जीटीओचा २४२ने सुरू होतो. त्यापुढे ३७ म्हणजे हार्डटॉप, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल, मग ९ हे वर्ष (१९६९), कारखान्याचं अक्षर (बी म्हणजे बाल्टिमोर) आणि शेवटी सहा आकडी क्रमांक. २३७ने सुरू होणारी गाडी ले मान्स, म्हणजे पाँटियाकचीच साधी गाडी, असते. तिला जीटीओचं बॉनेट आणि नाक लावून कुणी विकत असेल तर तिथून निघा.

तारखा जुळवायला शिका, कारण मूळ रूप म्हणजे निम्म्याहून जास्त तारखाच. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पट्टीवर बांधणीचा आठवडा असतो: ०१बी म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा. इंजिन ब्लॉकवर मागे, डिस्ट्रिब्युटरजवळ, ओतकामाची तारीख असते: के १४ ८ म्हणजे १४ नोव्हेंबर १९६८ (ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल डिसेंबरपर्यंत). रोचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर डाव्या बाजूला भागाचा नंबर ठोकलेला असतो, ऑटोमॅटिक जीटीओला ७०२९२६८, आणि त्याच्याजवळ चार आकडी तारीख. ३२७८ म्हणजे १९६८चा ३२७वा दिवस, म्हणजे २२ नोव्हेंबर. सगळ्या भागांच्या तारखा गाडीच्या आठवड्याच्या आधीच्या हव्यात, पण फार आधीच्या नकोत. नंतरच्या तारखेचा एखादा भाग निघाला तर तो नंतर कुणीतरी बसवलेला आहे, मग विकणारा काहीही सांगो.

पत्र्याबद्दल थोडक्यात. मिशिगनच्या गाडीला रस्त्यावरच्या मिठाने डिक्कीचा तळ, मागच्या काचेचे खालचे कोपरे, मागच्या चाकांपाठीमागची चासी आणि बॉडी माउंट खाल्लेले असतात. टपावर व्हिनाइल असेल तर त्याखाली पाणी मुरून काचेची खाच हमखास गेलेली असते. ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखातल्या गाडीचा पत्रा ठणठणीत मिळतो, पण तिथल्या उन्हाने डॅशबोर्ड फुटलेला आणि पुढचा बंपर तडकलेला असतो. तरीही कोरडी गाडीच घ्या. खराब पत्र्यापेक्षा खराब बंपर बरा, फक्त तो योग्य हातात पडला पाहिजे.

आता तो बंपर. पाँटियाकने १९६८च्या जीटीओला क्रोमऐवजी एन्ड्युरा नावाचं नाक दिलं: आत पोलादी पत्रा, त्यावर लवचिक युरेथेनचा जाड थर आणि वरून बॉडीचाच रंग. हलका धक्का बसला तर दबून परत जागेवर यावं, ही त्यामागची कल्पना. पन्नासेक वर्षांत तो थर कडक होतो, आकसतो, आणि युरेथेन व पोलाद तापमानाने सारखे कमीजास्त होत नसल्यामुळे कोपऱ्यांना आणि हेडलाईटच्या कडांना तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत गेलं की आतला पत्रा गंजतो आणि गंज युरेथेनला खालून उचलतो. म्हणून बंपर सोडवल्यावर आधी मागची बाजू बघा. पुढून दिसणारा तडा लहान असला तरी मागे गंजाची पापुद्री निघत असेल, तर काम मोठं आहे.

बॉडी शॉपचं कुठे चुकतं हे मी आता नीट सांगू शकतो. हल्लीचे बंपर वितळणाऱ्या प्लास्टिकचे असतात, त्यांना गरम हत्याराने जोड देता येतो. एन्ड्युरा वितळत नाही. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी तापवलेली सुई टोचून बघा: वितळणारं प्लास्टिक मऊ होऊन सुईला धरतं, एन्ड्युरा नुसता जळून काळा पडतो. ही साधी चाचणीही न करता माझ्या बंपरवर आधी जोड द्यायचा प्रयत्न झाला आणि मग तडे नेहमीच्या पॉलिएस्टर लांबीने (पुट्टीने) भरले गेले. लांबी कडक, खालचं युरेथेन लवचिक. मिशिगनची थंडी लागली आणि भरलेल्या प्रत्येक तड्याच्या दोन्ही कडांना केसासारख्या रेघा उमटल्या. काम पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे बंपर पुन्हा रांगेच्या शेवटी. उशीर होण्याचं खरं कारणही समजून घ्या: ही दुकानं अपघाताच्या, विम्याच्या गाड्यांवर चालतात. त्या गाड्या लवकर बाहेर पडल्या की पैसे येतात. तुमचा सुटा बंपर कुणाचीच जागा अडवत नाही, म्हणून तो मागेच राहतो.

म्हणून काम देण्याआधी कागदावर लिहून घ्या: तडे भरायला कोणता फिलर वापरणार, जुना रंग कसा काढणार, गाडीवर बसवून शेजारच्या पत्र्यांशी राहणारी फट कधी बघणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि पुढचा टप्पा बंपर डोळ्यांनी बघून झाल्यावरच. फोटोवर भागवू नका. प्रायमर मारलेला बंपर फोटोत नेहमी चांगला दिसतो. आणि बंपर देताना त्याचे सगळे बोल्ट, ब्रॅकेट, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) स्वतःकडे ठेवा, नुसता बंपर द्या.

योग्य पद्धत अशी. जुना रंग काढायला केमिकल स्ट्रिपर किंवा थिनर वापरू नका, त्याने युरेथेन फुगतं. सँड ब्लास्टिंग तर अजिबात नको, पृष्ठभाग फाटून चाळण होते. हातानेच घासायचं: जाड थराला ८० नंबरचा सँडपेपर, युरेथेन दिसू लागलं की १८०, मग ३२०. कागदाखाली ठोकळा ठेवा, बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा रंगातून दिसतात. चांगलं युरेथेन घासताना कोरडी भुकटी पडते. खोडरबरासारख्या वळ्या होऊन कागदाला चिकटू लागलं, तर तेवढा भाग कुजलेला आहे. तो कापून काढावा लागतो.

तडा नुसता वरून भरायचा नाही. त्याला इंग्रजी व्हीच्या आकाराची रुंद खाच पाडायची, तडा संपतो त्याच्या थोडं पुढेपर्यंत, आणि खाचेच्या भिंती खरखरीत करायच्या. आतला पत्रा उघडा पडला असेल तर गंज घासून, फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावून, धुऊन, वाळवून एपॉक्सी प्रायमर. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून किमान एक रात्र उबदार, कोरड्या जागी ठेवायचं. जुनं युरेथेन ओलावा आणि सॉल्व्हंट पिऊन बसतं, आणि घाईने फिलर भरला तर तेच नंतर वाफ होऊन रंगाखाली फुगे आणतं. ही एक रात्र कुठलंही घाईचं दुकान देत नाही, आणि फुगे आले की दोष बंपरला देतात.

फिलर म्हणजे लवचिक बंपरसाठी मिळणारा दोन भागांचा युरेथेन किंवा एपॉक्सी, पातळ थरांत. तो आणि मूळ युरेथेन सारखं घासलं जात नाही. एक आधी झिजतं, मागे भरलेल्या जागेभोवती उथळ कडं राहतं आणि ते रंग चकाकल्यावरच दिसतं. त्यावर उपाय एकच: फ्लेक्स ॲडिटिव्ह (थर लवचिक ठेवणारं द्रव्य) घातलेला प्रायमर सबंध बंपरवर, ठोकळ्याने ४००पर्यंत घासून, लागलं तर पुन्हा. ॲडिटिव्हचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं तर थर मऊ राहतो आणि घासताच येत नाही.

फट हा दुसरा मोठा मुद्दा, आणि इथे क्रम उलटा झाला की रंग वाया गेला. बॉनेट, फेंडर आणि बंपर नुसत्या प्रायमरमध्ये गाडीवर बसवून फटी साधारण ५ मिलिमीटरवर आणायच्या. आधी बॉनेट मागच्या बाजूने सरळ करायचं, मग फेंडर बॉनेटशी जुळवायचे, आणि बंपर सगळ्यात शेवटी, शिम घालून. आकसलेला बंपर दोन टोकांना फेंडरच्या खाली उतरतो. तो ओढून बोल्टाने आवळला तर ताण कोपऱ्यावर येतो आणि दुरुस्त केलेला तडाच पुन्हा उघडतो. तिथे शिम वाढवा, नाहीतर टोकाला फिलर वाढवून आकार द्या. शिम कुठे किती लागले ते मास्किंग टेपवर लिहून जागेवरच चिकटवा.

फायबरग्लासचे तयार बंपर मिळतात. वजनाला हलके, रंगवायला सोपे. पण मागे पोलाद नाही, कडांची जाडी वेगळी, आणि जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या परीक्षणात गाडी उतरवायची असेल तर तो विचार सोडा. मूळ बंपर दुरुस्त होतोच. वेळ लागतो, पण होतो.

रंगाचं सांगायला हवं. माझी गाडी व्हर्डोरो ग्रीन, कोड ७३, धातूचे कण असलेला रंग. असा रंग आडव्या आणि उभ्या पत्र्यावर वेगळा बसतो. बंपर जमिनीवर आडवा ठेवून रंगवला तर गाडीवर लावल्यावर फेंडरच्या शेजारी वेगळीच छटा दिसते. स्टँडवर तो गाडीवर असतो त्याच कलात उभा करा. गन तीच, दाब तोच, हात तेवढेच, आणि आधी दोन नमुना पट्ट्या मारून त्या उन्हात एकमेकींशेजारी धरून बघा. कारखान्यातही बॉडीला ॲक्रिलिक लॅकर आणि एन्ड्युराला लवचिक रंग असल्यामुळे छटेत थोडा फरक असायचा. म्हणजे किंचित फरक राहिला तर गाडी मूळ रूपाच्या अधिकच जवळ आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. कारखान्यातून निघाली त्याहून चकचकीत केलेली गाडी ही दुसरीच गाडी असते.

इंजिनचं काम सुरळीत झालं, पण काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ४०० घन इंची इंजिनचं कॉम्प्रेशन १०.७५ होतं, आजच्या पंपावरच्या पेट्रोलला ते झेपत नाही, चढावर ठोके ऐकू येतात. सिलिंडर बोअर करणारच असाल तर खोलगट पिस्टन घालून ते ९.३च्या आसपास आणा. बाहेरून काहीही कळत नाही, तारखा आणि नंबर जसेच्या तसे. कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरचे दात मूळचे नायलॉनचे असतात. ते तुटून तेलाच्या जाळीत अडकतात, म्हणून तिथे मूळ रूपाचा हट्ट नको, पोलादी घाला. शेव्हरलेच्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासला की तिथे ठोकलेला इंजिनचा नंबरही जायची भीती असते. पाँटियाकचा कोड हेडच्या खाली, ब्लॉकच्या समोरच्या तोंडावर असल्याने तो वाचतो, पण त्या जागेवर ब्लास्टिंग होऊ देऊ नका. नव्या कॅमला पहिल्यांदा सुरू केल्यावर २० मिनिटं २०००च्या आसपास आरपीएमवर ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही, आणि तेल झिंकयुक्त हवं. इंजिनचा रंग हलका मेटॅलिक निळा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर रंग नाही, ते उघडं ओतीव लोखंडच.

गाडीला झाकले जाणारे हेडलाईट असतील तर बंपर बसवायच्या आधीच त्यांच्या व्हॅक्यूम ॲक्चुएटरना हातपंपाने व्हॅक्यूम देऊन पंपावरचा काटा जागेवर राहतो का ते बघा. उतरला तर आतला पडदा फाटलाय. नळ्या सगळ्या नव्या टाका. कारण नाक एकदा चढवलं की त्यांच्यापर्यंत पोचायला ते पुन्हा उतरवावं लागतं, दोन माणसं लागतात, आणि फेंडरच्या कडांना टेप लावला नसेल तर नव्या रंगाचा टवका तिथेच उडतो.