नुसतं बघायला आलोय

गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, "ॲडमिशन का?" आणि विचारलं ते माझ्याकडे बघून. शेजारी भाची उभी. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, वय वीस. मी पन्नाशीला टेकलेला, खिशात चष्म्याचं घर. तरी तोंडातून पटकन निघून गेलं, "नाही, नुसतं बघायला आलोय."

१९९७ सालीही जळगावच्या या विद्यापीठाच्या गेटवर मी हेच म्हटलं होतं.

मला एक खोड आहे. कुठल्याही गावी गेलो की लोक तिथलं देऊळ बघतात, मी कॉलेज बघून येतो. सायकल स्टँडला सावली आहे का, नळाला पाणी आहे का, हे आधी. मग नोटीस बोर्ड. तो सगळा वाचायचा. 'गणिताच्या पेपरच्या तारखेत बदल' असं दिसलं की अजूनही पोटात गोळा येतो, जणू पेपर माझाच आहे. बायको लांब उभी राहते. ओळखीचं कोणी भेटलं तर मी तिच्याबरोबर नाही, असा तिचा चेहरा असतो.

ही खोड बहुधा आमच्या घराण्यातच असावी. उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, व्हायच्या आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे एका कागदाच्या नकलेसाठी काका महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर उभे राहून पुण्याला गेले होते. परत आले ते गणेशखिंडीतल्या मुख्य इमारतीचं वर्णन करत. गव्हर्नरची कोठी, तिचा मनोरा, समोरची हिरवळ. कागद मिळाला की नाही, हे विचारायचं आजीच्याही लक्षात आलं नाही. पुढची दहा वर्षं घरात कोणी अभ्यासाचा कंटाळा केला की काका मनोऱ्यापासून सुरुवात करत.

१५ ऑगस्ट १९९० ला जळगावात आपलं विद्यापीठ झालं आणि पुण्याच्या खेपा संपल्या. मी बी.एस्सी. झालो तेव्हा आप्पा म्हणाले, चल, पाहून तर येऊ. अमळनेरहून जळगावची लाल गाडी. पाळधी मागे पडलं की आप्पा दर दोन मिनिटांनी कंडक्टरकडे बघत. मृग लागून आठवडा झाला होता, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. आप्पांच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि माझ्या मार्कशीटा. सगळं एकत्रच. त्या मार्कशीटांना अजून तेलाचा डाग आहे.

मी रसायनशास्त्राचा विभाग शोधत होतो. आप्पा चढावर मध्येच थांबले. वाकून मूठभर माती उचलली, चोळली, खाली सोडली. मग म्हणाले, "जमीन मुरमाड शे. पन झाडे जगी ऱ्हायनात." म्हणजे, जमीन मुरमाड आहे, पण झाडं जगतायत. विद्यापीठाविषयी त्यांचं हे पहिलं मत, आणि माझ्या आठवणीप्रमाणे शेवटचंही. तेव्हा झाडं कमरेएवढी होती. प्रत्येकाभोवती आळं केलेलं. आप्पांनी वाटेतली बरीच आळी वाकून तपासली. एका ठिकाणी पायाने माती सारखीही केली.

मी विभागाच्या खिडकीला नाक लावून आत बघत होतो. ओळीने ब्युरेट्स, म्हणजे मापाच्या काचेच्या नळ्या, लावलेल्या, स्वच्छ, उलट्या. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एका ब्युरेटला आम्ही चौघे. मला वाटतं, त्या खिडकीपाशी मी पाचेक मिनिटांत एम.एस्सी. पूर्ण केली. पांढरा कोट घातला, पहिला आलो, गावात सत्कारही झाला. मागून आप्पा म्हणाले, "पानी पी ले."

माहितीपुस्तक घेतलं आणि एका जुन्या लिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या. मी अभ्यासक्रमाची पानं वाचली, मग हात धुवायला गेलो. परत आलो तर पुस्तक आप्पांच्या मांडीवर उघडं. ते चौथी शिकलेले, पण आकडे त्यांना माझ्याहून लवकर कळत. पुस्तक मिटून त्यांनी पिशवीत ठेवलं, आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत म्हणाले, चांगलं आहे. घरी येऊन बघितलं तर फी आणि वसतिगृहाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. नखाने दाबून, नीट.

त्या वर्षी कपाशीचं काय झालं, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको.

भाचीला यातलं काही ठाऊक नाही. ती शिरपूरहून आलीय, तिला रेंज कुठे येते ते बघायचंय. झाडं आता डोक्यावर गेलीत, रस्त्यावर लिंबोळ्यांचा सडा. २०१८ पासून विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. एसटीचा कंडक्टर अजून नुसतं 'विद्यापीठ' म्हणतो, तेवढ्यात भागतं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिचं नाव, वगैरे भाषणातलं वाक्य मी इथं म्हणणार नाही. मला आपलं उगाच वाटून गेलं, की आसोद्याची ती लेक इथं आली असती तर तिनेही आधी मातीच उचलली असती.

विभागाच्या खिडकीशी गेलो. आता काचेला आतून कागद चिकटवलाय, काही दिसत नाही. तरी मी जरा वेळ उभा राहिलो. भाची नोटीस बोर्डाचे फोटो काढत होती. वाचत नव्हती, फोटो काढत होती. घरी जाऊन वाचेन म्हणाली.

"मामा, तू का नाही शिकलास इथं?"

"ऊन फार होतं गं."

गेली अठ्ठावीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतो. तिने कपाळावर हात धरून वर बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि अमळनेरला काय बर्फ पडतो?"

मी म्हटलं, चल, कँटीन उघडं आहे का बघू.